पाटणादेवीला गेलो आणि भाच्याने विचारलं : भास्कराचार्यांचा एच-इंडेक्स किती?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, धागा जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

दिवाळीनंतर भाचा आला होता. पुण्यात खगोलशास्त्रात पीएचडी करतोय. आपल्याकडे थंडीत पाहुणा आला की भरताची पार्टी ठरलेली, पण या पठ्ठ्याला शेतापेक्षा डोंगर हवा होता. चाळीसगावहून गाडी काढली आणि अठरा किलोमीटरवरच्या पाटणादेवीला गेलो. देवीचं दर्शन झालं, हेमाडपंती महादेव मंदिर बघून झालं आणि मी सवयीप्रमाणे सुरू झालो, "हे भास्कराचार्यांचं गाव बरं का. न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी गुरुत्वाकर्षण..."

भाचा हसला. म्हणाला, "मामा, ते राहू द्या. आमच्यात माणूस मोजायची पद्धत वेगळी आहे. त्याने पेपर किती लिहिले आणि ते पुढच्यांनी किती वेळा उद्धृत केले, त्यावरून आकडा काढतात. एच-इंडेक्स दहा म्हणजे निदान दहा पेपर असे, की प्रत्येकाचा दहा किंवा जास्त ठिकाणी उल्लेख झालाय. २००५ मध्ये हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने ही युक्ती काढली. तुमच्या भास्कराचार्यांचा किती येईल?"

मला उत्तर सुचलं नाही. शाळेच्या सहलीत सरांनी सांगितलेलं 'लीलावती' हे नाव आणि व्हॉट्सॅपवर येतं ते, एवढीच माझी शिदोरी. तर विचारतो: हा माणूस आयुष्यभर नेमकं काय काम करत होता? मागून आलेल्यांनी त्या कामाचं काय केलं? आणि तो खरंच आपल्या पाटणचा का? पुरावे असतील तर टाका. जयघोष नको, तो मी एकटा भरपूर करतो.

कानबाईना_रोट

एक नंबर धागा, भाऊ. मना गाव पाटणपासून जवळच शे, पन हाऊ सवाल माले कधी पडना नही. आठेच बठस.

निवृत्त_गणितमास्तर

आधी ग्रंथ मोजू, इंडेक्स नंतर.

जन्मसाल त्याने स्वतःच श्लोकात घालून ठेवलंय, 'रसगुणपूर्णमही'. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. आकडे उजवीकडून मांडायचे, आले शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. पुढच्याच ओळीत सांगतो की छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धांतशिरोमणी' रचला. म्हणजे ११५०. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग मानतात. त्यावर स्वतःच वासनाभाष्य लिहिलं. इथे 'वासना' म्हणजे उपपत्ती, रीत का चालते याचं कारण. पोरं वर्गात फिदीफिदी हसायची म्हणून सांगितलं. आणि ११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, 'करणकुतूहल'.

सिद्धांत आणि करण यांतला फरक कळला की त्याची सगळी कारकीर्द कळते. सिद्धांतात ग्रहांचं गणित कल्पाच्या, म्हणजे ४३२ कोटी वर्षांच्या कालखंडाच्या, आरंभापासून करतात. शककाल सुरू झाला तेव्हा कल्पाची १,९७,२९,४७,१७९ वर्षं सरलेली होती असं तो धरतो. आता उद्याचा गुरू कोणत्या राशीत ते काढायला एवढ्या वर्षांचे दिवस मोजत बसा! शास्त्र म्हणून ते चोख, पण पंचांग करणाऱ्याचा जीव जाईल. म्हणून करणग्रंथात जवळचं एक वर्ष आरंभ म्हणून घेतात, त्या दिवसाचे ग्रह तयार देतात आणि तिथून पुढे मोजतात. तरुणपणी 'का' लिहिलं आणि म्हातारपणी 'कसं पटकन'. मला दुसऱ्याचं कौतुक जास्त वाटतं. सत्तरीला टेकलेला माणूस गावोगावच्या जोशांचे कष्ट कमी करत बसला होता.

आता 'का'चं एक उदाहरण. गोलाच्या पृष्ठाचं क्षेत्रफळ. त्याच्या आधीच्या लल्ल नावाच्या ज्योतिषाने वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले परीघ असं काहीतरी भलतंच दिलं होतं. भास्कराचार्य त्याचं नाव घेऊन चूक दाखवतात आणि बरोबर उत्तर देतात: वर्तुळाच्या चौपट. समजवायला काय घेतलं, तर आवळा. आवळ्यावर देठापासून खालपर्यंत रेघा असतात ना, तशा गोलावर आखा, एका फाकेचं क्षेत्रफळ 'ज्या'च्या, म्हणजे साइनच्या, कोष्टकावरून बेरीज करत काढा, मग सगळ्या फाका मिळवा. मी हे तीस वर्षं मोसंबी सोलून शिकवलं आणि मला वाटायचं युक्ती माझी आहे.

ठणठणपाळ_धुळे

मास्तर, उत्तम. पण धागाकर्त्याच्या 'पाचशे वर्षं आधी'चं काय करायचं? माझ्याकडेही रोज एक मेसेज येतो: 'भास्कराचार्यांनी पृथ्वीच्या सूर्यप्रदक्षिणेचा काळ ३६५.२५८८ दिवस असा अचूक सांगितला'. एका ओळीत तीन चुका आहेत. पहिली, त्यांच्या गणितात सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. दुसरी, कल्पाची वर्षं ४,३२,००,००,००० आणि दिवस १५,७७,९१,६४,५०,०००, असे ग्रंथातले आकडे आहेत. मोबाइल काढा, भागा. ३६५.२५८४ येतात. तिसरी, हे आकडे त्यांचे स्वतःचे नाहीतच, पाचशे वर्षं जुन्या ब्रह्मगुप्ताचे आहेत. आजच्या नाक्षत्र वर्षापेक्षा वर्षाला सुमारे तीन मिनिटं जास्त. त्या काळाच्या मानाने सुरेखच, पण 'अचूक' कशाला म्हणायचं?

गुरुत्वाकर्षणाचंही तसंच. 'आकृष्टिशक्तिश्च मही' हा श्लोक गोलाध्यायात आहे, खरा आहे. पृथ्वी जड वस्तूला आपल्याकडे ओढते, म्हणून ती पडतेसं वाटतं. चहूकडे आकाश सारखंच, मग ही पृथ्वी स्वतः पडणार कुठे? ज्यांना वाटत होतं की पृथ्वी अखंड खाली पडतेय, किंवा कशाच्या तरी आधारावर उभी आहे, त्यांना हे उत्तर होतं. आधाराला आधार, त्याला आणखी आधार, हे कुठवर नेणार, असंही विचारतो. झकास युक्तिवाद. पण अंतराच्या वर्गाचा नियम त्यात नाही, चंद्र आणि फळ एकाच नियमाने बांधणंही नाही. न्यूटनशी शर्यत लावून आपण त्याला दुसरा नंबर मिळवून देतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

जळगावचं_केळं

म्हणजे आता तेही आपलं नाही का? तुम्हा लोकांना काही चांगलं बघवतच नाही.

ठणठणपाळ_धुळे

चांगलं हवंय? हे घ्या. पृथ्वी गोल, मग आपल्याला सपाट का दिसते? तो म्हणतो, परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, आणि माणूस तर फारच लहान. तुमच्या केळीच्या मळ्यात उभं राहून बघा, पटेल. परीघ दिलाय ४९६७ योजनं, व्यास १५८१ आणि वर एक चोविसांश. भागाकार करा, ३.१४१६.

आणि सगळ्यात भारी तर वेगळंच आहे. चंद्राची गती क्षणोक्षणी बदलते, मग तिथी संपायची नेमकी वेळ काढताना दिवसाची सरासरी गती धरून कसं भागेल? म्हणून तो 'तात्कालिक गती' काढतो, त्या क्षणाची. बीज मुंजालाच्या दहाव्या शतकातल्या ग्रंथात आहे, पण भास्कराचार्य पुढे जाऊन सांगतात की ग्रहाचं मंदफल, म्हणजे सरासरी जागेपासूनचा फरक, जिथे सर्वांत मोठं असतं, तिथे त्याची स्पष्ट (प्रत्यक्ष) गती आणि मध्यम (सरासरी) गती एकच होते. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) शिकलेल्याला यात काय दडलंय ते लगेच दिसेल. याच्यावरून भांडणही जुनं आहे. काशीतले आपले मराठी पंडित बापूदेव शास्त्री यांनी १८५८ मध्ये मांडलं की याला अवकलनाचं तत्त्व कळलं होतं, आणि १८६० मध्ये स्पॉटिसवुड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात 'म्हणे शोध' अशा सुरात त्याची चिकित्सा केली. सातशे वर्षांनी पेपरावर पेपर! भाच्याला सांगा, हे धर उद्धरणांत.

शिलालेखवेडी

मला तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचंय, कारण तिथे आपल्याकडे दगडात कोरलेला पुरावा आहे.

पाटणच्या भवानीच्या जुन्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ मध्ये आर्यभट-वराहमिहिरादींच्या काळाविषयीच्या निबंधात त्याची माहिती दिली. पुढे कीलहॉर्न या जर्मन संस्कृत पंडिताने तो 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेखांच्या नियतकालिकाच्या पहिल्या खंडात छापला. त्यात घराण्याची यादीच आहे: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग आपले भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. लक्ष्मीधराबद्दल लिहिलंय की हा सर्व शास्त्रांत निपुण आहे हे जाणून यादव राजा जैत्रपालाने त्याला 'पुरादतः', म्हणजे या गावातून, नेलं आणि विद्वानांचा प्रमुख केलं. 'या गावातून'! मुलगा तरी पाटणला राहत होता, यावर वाद उरत नाही. नातू चांगदेव सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. त्याने पाटणला मठ काढला, आणि कशासाठी, तर भास्कराचार्यांचे सिद्धांतशिरोमणी वगैरे ग्रंथ आणि त्यांच्या कुळातल्यांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत म्हणून. पूजा नाही, अन्नछत्र नाही. अभ्यासक्रम ठरवून दिलेला मठ.

इथले स्थानिक राजे निकुंभ. त्यांतल्या सोइदेवाने श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहण लागलं असताना, सगळ्यांसमक्ष हातावर पाणी सोडून मठाला दान दिलं. ग्रहणाचं गणित शिकवणाऱ्या मठाला ग्रहणाच्या मुहूर्तावर दान. कीलहॉर्नने तारीख काढली ९ ऑगस्ट १२०७.

निवृत्त_गणितमास्तर

ताई, लेखात शक कोणता दिलाय? मी लिहून घेतलं होतं ११२८, प्रभव संवत्सर. पण संवत्सरं साठ, पहिलं प्रभव, शेवटचं क्षय. शकात १२ मिळवून ६० ने भागलं तर ११२८ ला बाकी शून्य, म्हणजे क्षय. प्रभव येतो ११२९ ला. आणि १२०७ चा श्रावण म्हणजे ११२९च.

शिलालेखवेडी

अगदी बरोबर पकडलंत सर. लेखात ११२८ आणि प्रभव असंच आहे. संवत्सर आणि ग्रहण धरून १२०७ घेतात. ज्योतिष्यांच्या मठाच्या दगडावर शक एकाने चुकला, ही गंमत मी पाटणला गेले की प्रत्येकाला सांगते.

बाकीचं ऐका. शिलालेख संस्कृतात आहे, पण मठाचा खर्च कसा चालायचा हा भाग आला की भाषा बदलते. मराठी सुरू होते! 'इयां पाटणीं जें केणें उघटे', या पाटणात जो माल विकायला उघडेल, त्यावरचा राजाचा जो हक्क, 'तो मढा दीन्हला'. ज्ञानेश्वरीच्या आधी ऐंशीहून जास्त वर्षं. आणि पुढे गावात जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांनी मठाला पळी पळी तेल द्यायचं. वंशावळ आणि स्तुती संस्कृतात, पैशाचं मात्र बाजारच्या बोलीत, म्हणजे उद्या कोणी 'आम्हाला समजलं नव्हतं' म्हणायला नको.

लाकडी_घाणा

थांबा थांबा. घाण्यावर पळीभर तेल? आमच्या आज्यापर्यंत बैलाचा घाणा होता. पळी म्हणजे दिसायला काहीच नाही. पण रोजची पळी आणि गावात पाच-सात घाणे असले तर मठाचे दिवे रात्रभर जळतील. रात्री आकाश बघायचं म्हणजे लिहायला, वाचायला दिवा लागणारच.

कानबाईना_रोट

म्हनजे भास्कराचार्यले खरी ग्रँट आपला तेलीबुवानी दिधी!

सोलापूरचा_पाहुणा

आमच्याकडचं पण ऐकून घ्या. त्यांनी स्वतः गाव सांगितलंय 'विज्जडविड'. ते विजापूर असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. खान्देशवाल्यांनी परस्पर सातबारा कसा काय करून घेतला?

शिलालेखवेडी

पाहुणे, त्याच श्लोकात 'सह्यकुलाचलाश्रितपुरे' आहे, सह्याद्रीच्या आश्रयाचं गाव. विजापूरला सह्याद्री कुठून आणायचा? बीडचंही नाव काही जण घेतात, तिथेही हीच अडचण. पाटण मात्र सह्याद्रीच्याच सातमाळा रांगेच्या कुशीत आहे. तरी विज्जडविड म्हणजे पाटणच, असं मी म्हणणार नाही, कारण शिलालेखात ते नाव नाही. घराणं इथलं, एवढं दगड सांगतो. आणि एकटं पाटण नाही. तिथून फार लांब नाही त्या गिरणाकाठच्या बहाळला दुसरा लेख आहे, शके ११४४ चा. भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपती, त्याचा नातू अनंतदेव, तोही सिंघणाकडे ज्योतिषी. त्याने बहाळला भवानीचं देऊळ बांधलं. एकच पिढी, दोन शाखा, एकच तालुका.

हां, एक नक्की: 'उज्जैनच्या वेधशाळेचे प्रमुख होते' हे जे सगळीकडे छापतात, त्याला त्यांच्या ग्रंथांत काहीही आधार नाही. उज्जैनवरून जाणारी रेखांशाची रेषा सगळेच ज्योतिषी मोजणीला धरायचे.

ठणठणपाळ_धुळे

आणि लीलावती मुलगी, घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला, ती गोष्ट? फैजीच्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून आलेली आहे. अकबराच्या हुकमावरून १५८७ मध्ये त्याने लीलावती फारसीत नेली. मूळ ग्रंथात 'बाले', 'मृगाक्षि' अशी संबोधनं आहेत, मोती कुठे नाही.

निवृत्त_गणितमास्तर

गोष्ट खोटी असेना, गणितं खरी आहेत. नऊ हात खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघाला, मोराने झडप घातली, दोघांची चाल सारखी. बिळापासून किती हातांवर गाठ पडली? (बारा. करून बघा, कर्णाचा नियम लागतो.) सातवीतली पोरं पाटीवर मोर काढत बसायची आणि उत्तर विसरायची. चालायचंच.

आता इंडेक्स. गेले दोन दिवस वहीत मांडतोय. टीका, म्हणजे अर्थ उलगडून सांगणारा ग्रंथ, हेच उद्धरण असं धरलं तर लीलावतीवर एकट्या गणेश दैवज्ञाची 'बुद्धिविलासिनी', १५४५ सालची. हा तोच कोकणातल्या नांदगावचा गणेश, ज्याच्या ग्रहलाघवावर आपली पंचांगं शतकानुशतकं चालली. चारशे वर्षांनी इतका मोठा माणूस तुमचं पाठ्यपुस्तक घेऊन प्रत्येक रीतीची उपपत्ती लिहितो, याहून मोठा सन्मान कोणता? बीजगणितावर कृष्ण दैवज्ञ. गोदाकाठच्या गोळग्रामहून काशीला गेलेल्या घराण्यातला नृसिंह, त्याचं 'वासनावार्तिक' १६२१ चं. मुनीश्वराची 'मरीचि'. बीजगणित शहाजहानच्या काळात फारसीत गेलं, १६३४-३५ च्या सुमारास, अताउल्ला रशिदीकडून. हा ताजमहालच्या उस्ताद अहमदाचा मुलगा, आणि बीबी का मकबराही त्याचाच म्हणतात. म्हणजे कन्नडचा घाट चढून पलीकडे संभाजीनगरला सहलीला जाता, तेव्हा तुम्ही पाटणच्या बीजगणिताच्या अनुवादकाचं काम बघून येता! पुढे इंग्रजीत स्ट्रेची १८१३, टेलर १८१६, कोलब्रुक १८१७.

आणि एक न झालेलं उद्धरण. एखाद्या वर्गाच्या एकसष्टपटीत एक मिळवून पूर्ण वर्ग, म्हणजे ६१ क्ष² + १ = य². १६५७ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने युरोपातल्या गणितज्ञांना हेच कोडं घातलं. बीजगणितात ते पाचशे वर्षं आधी चक्रवाल रीतीने सोडवून ठेवलेलं: क्ष २२,६१,५३,९८० आणि य १,७६,६३,१९,०४९. रीत त्याच्याही आधीच्या जयदेव नावाच्या गणितज्ञाची. तिकडे कुणाला पत्ता नव्हता. काम तेच, इंडेक्समध्ये शून्य.

जळगावचं_केळं

बरं, हे मात्र मी स्टेटसला ठेवतो. चालेल ना ठणठणपाळ?

ठणठणपाळ_धुळे

जयदेवाचं नाव घालून ठेव, बाबा. भास्कराचार्य स्वतः ठेवायचे. बीजगणिताच्या शेवटी म्हणतात, ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांची बीजगणितं फार विस्तृत आहेत, त्यांचं सार काढून शिष्यांसाठी हे केलं.

गिरणाकाठ

सगळा धागा भाच्याला पाठवला. त्याचं उत्तर जसंच्या तसं: "मामा, माझ्या पेपरच्या शेवटी एक परिच्छेद असतो, कोणत्या संस्थेने पैसे दिले त्यांचे आभार. घाईत वाचणारे तो सोडून देतात. पाटणच्या शिलालेखात तोच भाग मराठीत आहे, हे मी आमच्या गटात सांगितलं तेव्हा चहा थंड झाला सगळ्यांचा. इंडेक्सचं जाऊ द्या. तो मठ किती वर्षं चालला ते बघा." आणि खाली, "बहाळ बघायचं राहिलं. संक्रांतीला येतो."

तेव्हा संक्रांतीनंतरचा रविवार ठरवू. सकाळी आठला चाळीसगाव स्टेशनबाहेर, आधी बहाळ, मग पाटण. ताई, तुम्ही आलात तर तो 'पुरादतः' कुठल्या ओळीत आहे ते दाखवा. मास्तर, मोसंबी मी आणतो.

लाकडी_घाणा

भरीत माझ्याकडे. तेल घाण्याचं. पळी पळी सगळ्यांना.

कानबाईना_रोट

कळण्याच्या भाकरी मनाकडथून. पन जेवन पाटणलेच, महादेवना देऊळजोडे, बहाळले नही. तठे सावली कमी शे.